मामाच्या दंडाचा दोरा

पिकिन, डाकार
३ जुलै १९८८

ती. लातिरमामास,
सेमूचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मावशीच्या अंगणात झोपायला जागा मिळाली आणि समुद्राकाठच्या पैलवानांनी मला आपल्यात घेतलं. वस्ताद मोदूंनी माझा दंड दोन बोटांत धरून विचारलं, की हा हात आहे की बाजरीचं ताट. सगळे हसले, मीही हसलो. इथे डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजनं आहेत, ट्रकचा जुना आस आहे आणि पळायला वाळू.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दंडाभोवती दोरा घेऊन तेवढाच कापला आणि सोबत घातला आहे. तुमच्या दंडाचा लाल दोरा उशाशी ठेवलाय. माझा त्याच्यापुढे चार बोटं आखूड भरतो. किती दिवस लागतील, ते कळवा.

मामीला नमस्कार. आठवण ठेवावी.
आपला, सेमू


म्बेलान
२१ जुलै १९८८

चि. सेमूस अनेक आशीर्वाद.

दोरा मिळाला. तुझ्या मामीने विचारलं, की हा कोंबडीच्या पायाला बांधायचा का. मनावर घेऊ नकोस, माझा दंड बघून माझी मामीही असंच काहीतरी बोलली होती.

मला दोन पावसाळे लागले. आपल्यात शेत बापाकडून येतं आणि पैलवानाची कातडी दंडपट्टी मामाकडून. ती मामाच्या दंडातून निघाली की थेट भाच्याच्या दंडात जाते. मध्ये खुंटीला टांगायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. तिला गाठ नाही, खाली चिंधी नाही, कातड्याला वाढीव तुकड्याची जोड नाही. मांसावर आपोआप बसली पाहिजे. रिंगणात घसरली तर लोक भाच्याला नाही, मामाला हसतात.

बाजरी घरात आली की कुस्त्या लागतील. या हंगामाला म्हण, पुढच्या म्हण, पण ढोल तुझ्यासाठी वाजावेत आणि मी पुढे बसून ऐकावेत, एवढीच माझी इच्छा आहे. चवळी आणि मासे भरपूर खा.

माया आहेच, ती दोऱ्याने मोजू नकोस.
तुझा, लातिरमामा


पिकिन
४ डिसेंबर १९८८

ती. मामास, सा. न. वि. वि.

पाच महिने झाले. पहिला दीड महिना वजन वाढवत गेलो, पण आरशात तोच सेमू. मी चिडलो, तेव्हा वस्ताद म्हणाले की आधी ताकद येते, मांस मागून येतं. तिसऱ्या महिन्यात तुझं तुला दिसेल, चौथ्यात मावशीला, आणि लोकांना दिसायला वर्ष जाईल. मावशीला दिसलं ते सदऱ्याची बाही उसवली तेव्हा. ती शिवताना तिने मला भरपूर शिव्या दिल्या.

नवा दोरा पाठवतोय. अजून दोन बोटं कमी आहे. मामा, मी याच हंगामात येऊ का? तुमचं अक्षर हल्ली वाकडं पडतं. मामीने चार ओळींत दोनदा लिहिलंय की तुम्हाला जेवण जात नाही.

काळजी वाटते. उत्तर लवकर यावं.
आपला, सेमू


म्बेलान
१८ डिसेंबर १९८८

चि. सेमूस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे कारण पाट डुगडुगतो. तुझ्या मामीला काळजी करण्याचा छंद आहे, तो तिला लखलाभ.

यायचं नाही. अर्धा भरलेला दंड गावाला दाखवायचा नसतो. लाल दोरा पुरेनासा झाला की ये, त्याआधी तोंड दाखवू नकोस. कोणी सुई टोचून दंड फुगवून देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्याला उभा राहू नकोस. मी कुठे पळून जातोय? पट्टी माझ्या दंडात घट्ट बसली आहे, हवं तर मामीला विचार.

जीव तुझ्याकडेच असतो, हे विसरू नकोस.
तुझा, लातिरमामा


पिकिन
२६ नोव्हेंबर १९८९

ती. मामास, सा. न. वि. वि.

काल लाल दोरा पुरला नाही. तीनदा गुंडाळून पाहिला. टोकं जुळेनात. वस्तादांनीही ओढून पाहिला आणि पाठीवर एक थाप मारली, ती अजून दुखतेय. गल्लीतली माणसं मला आता पैलवान म्हणून हाक मारतात.

पावसाळाभर तुमचं एकही पत्र नाही. तोंड दाखवू नकोस म्हणालात म्हणून मी मुकाट्याने वजनं उचलत राहिलो. आता मात्र ऐकणार नाही. आठ तारखेच्या शुक्रवारी निघतो. ढोलवाल्यांना सांगून ठेवा.

भेटीअंती बाकीचं.
आपला, सेमू


म्बेलान
४ डिसेंबर १९८९

चि. सेमूस मामीचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ऐकून हसले आणि ताबडतोब कातडी शिवणाऱ्याला बोलवायला सांगितलं. काल सकाळी ते गेले. वर्षभर अंगावरचं मांस उतरतच होतं. तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती, आणि मी मूर्ख, ती पाळत बसले.

पट्टीचं सांगते. ती दंडातून निसटू लागली. खुंटीला टांगायची नाही, जमिनीला टेकवायची नाही, मग त्यांनी ती कापून लहान करून घेतली. गेल्या हंगामात तू दोन बोटं कमी म्हणून लिहिलंस, त्याच आठवड्यात पहिल्यांदा दोन बोटं कापली होती. मी म्हटलं, बोलवा त्याला, आज बरोबर बसेल. ते म्हणाले, मामा वाळला म्हणून पट्टी लहान झाली असं गाव म्हणेल. पावसाळ्यात आणखी दोन बोटं कापली. परवा त्या शिवणाऱ्याचे हात धरून ते वाढवून मागत होते. कापता येतं, जोडता येत नाही, असं तो खाली बघून म्हणाला.

तुझे दोन्ही दोरे मी जपून ठेवलेत. आज पट्टीशी लावून पाहिले. पहिला, मी हसले होते तो, अगदी बरोबर जुळतो. तू इथून गेलास तसाच्या तसा परत आला असतास तरी चाललं असतं रे.

त्यांच्या अंगावरून काढल्यावर ती ठेवायची कुठे? घरात दुसरा दंड नव्हता. बायकांनी घालू नये म्हणतात, पण मी घातली आहे. घसरत नाही.

शुक्रवारी ये. ढोलवाल्यांना नको म्हणून सांगितलंय.

तुझी, दिबोरमामी