काचेतल्या वह्या

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

तळं आपल्याला विचारत नाही तू कोण, मग आपण त्याला का विचारावं तू कशासाठी, असं बाबा एकदा म्हणाले होते. तू कॉलेजात होतास, मी त्यांच्या सायकलवर पुढे. पुढे ते वाक्य तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आलं, 'एका मोजणीदाराचे उद्गार' म्हणून. पोटच्या पोराने बापाला इतकं परकं करावं? असो, आज भांडायला बसले नाही.

एका कंपनीला आपलं तळं बुजवून तिथे गोदामं बांधायची आहेत. त्यांचं म्हणणं, हे तळं नव्हेच, पावसाळी डबकं आहे. अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. बारमाही पाण्याची जुनी नोंद आणा, काम थांबवतो, असं साहेब म्हणाले. बाबांनी एकतीस वर्षं रोज सकाळी मोजपट्टीवर पातळी वाचून वहीत लिहिली. एकदाही शून्य नाही. प्रबंधासाठी नेलेल्या त्या वह्या पाठव.

गुडघ्याला तेल लावत जा. व्याख्यानं देऊन तो बरा व्हायचा नाही. वहिनींना नमस्कार.

तुझी
बारकी

दि. १५ फेब्रुवारी

चि. बारकीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा तसाच. वह्या आमच्या पर्यावरण-विचार केंद्रात काचेच्या कपाटात आहेत. पाहुणे आधी त्याच बघतात. त्या आता संस्थेच्या झाल्या. आणि तुला म्हणून सांगतो, केंद्राची नवी इमारत त्या गोदामवाल्यांनीच बांधून दिली आहे. नक्कल पाठवली तरी बोट माझ्याकडेच दाखवलं जाईल. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत गं.

शिवाय तळ्याचं मोल पाण्याच्या नोंदीवर टेकवणं मुळातच चूक. ते आपल्या आपणच मोलाचं असतं. सुनावणीत असंच मांड. मुद्दे सोबत जोडले आहेत.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
दादा

दि. ३ मार्च

ती. दादास, सा. न.

तुझे मुद्दे वाचून दाखवले. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि कागद कुठे आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं, काचेत आहे. सगळे हसले. मग समोरच्या वकिलाने तुझं पुस्तक उंच धरलं. या विषयातले एवढे मोठे जाणकार बाईंचे सख्खे भाऊ, मग ते का आले नाहीत, म्हणाला. तुझा गुडघा दुखतो, असं मी सांगितलं. घरचं झाकायची सवय, जाता जात नाही.

कालपासून मुरूम पडतोय. बाबांची पट्टी अजून उभी आहे. मुरूमही तिच्यावर नीट मोजता येतो. आज सकाळी चार फूट. मी नव्या वहीत लिहून ठेवलं.

जुन्या वह्या आता नकोत, पाहुण्यांना बघू देत. पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. त्याऐवजी दुसरं मागते. तू देणार नाहीस, ठाऊक आहे. तुझा सगळा मोठेपणा त्यावरच उभा आहे. तरी मागते. पुढच्या आवृत्तीतून बाबांचं ते वाक्य काढून टाक.

बारकी