फाइलचं शेपूट

७ सप्टेंबर, सोमवार
मीच उघडली ती फाइल! साहेबांच्या नावाने मेल — ‘सुधारित ड्युटी यादी, लगेच पाहा.’ केलं क्लिक. आधी काहीच नाही. मग स्क्रीनवरच्या फायलींची नावं बदलायला लागली. एकामागून एक, आपोआप! आमच्या रक्तपेढीची बावीस वर्षांची कागदपत्रं डोळ्यांदेखत अगम्य होत होती, आणि मी नुसती बघतेय.

‘बाई!’ एवढंच ओरडले.

आमच्या मोठ्या बाई. निवृत्तीला चार महिने, गुडघे कुरकुरणारे. पण अशा धावल्या! आधी माझ्या मशीनची नेटची वायर उपटली, मग भिंतीवरच्या डब्यातल्या सगळ्या.

‘आता हात लावू नकोस. काय उघडलंस ते नीट सांग.’

सांगितलं. वाटलं, आता खरडपट्टी. छे! ‘लगेच ओरडलीस, बरं केलंस,’ म्हणाल्या.

८ सप्टेंबर, मंगळवार
कॉम्प्युटरवाले येऊन गेले. दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची यादीसुद्धा गेलीच होती. आणि बाईंनी कपाट उघडून एक डिस्क काढली! दर शुक्रवारी सगळ्याची प्रत त्यावर घेतात आणि डिस्क काढून कुलपात ठेवतात. कोणी सांगितलेलं नाही. कॉम्प्युटरवाले तोंडात बोट घालून उभे. मीही.

दुपारी बाईंनी तो मेल कागदावर छापून माझ्यापुढे ठेवला आणि कसा वाचायचा ते शिकवलं. नाव साहेबांचं, पण पत्ता भलताच. फाइलचं नाव यादीचं, शेपूट — टिंबानंतरची अक्षरं — मात्र प्रोग्रॅमचं. ‘शेपूट बघायचं आधी. शंका आली तर फोन करायचा — मेलमधल्या नंबरावर नव्हे, आपण शोधलेल्या.’ इतक्या वर्षांत मी मेलचा पत्ता कधी वाचलाच नव्हता!

११ सप्टेंबर, शुक्रवार
आज तीन मेल उडवले. साधी नोटीसही तीनदा पत्ता वाचून मगच उघडते.

१६ सप्टेंबर, बुधवार
अनोळखी दवाखान्याचा मेल. ‘अत्यंत तातडीचे!!’ शुद्धलेखनाची बोंब, सोबत फाइल. अगदी तस्साच! डिलीटवर बोट ठेवलं. बाई रजेवर.

पण मजकुरात एका दुर्मीळ रक्तगटाचं नाव होतं, आणि ते बरोबर लिहिलं होतं. तेवढंच खटकलं. डिरेक्टरीत दवाखान्याचा नंबर शोधून फोन लावला.

‘अहो, मीच पाठवलाय!’ डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. ‘घाईत टाईप केलं. तुमचा फोन सकाळपासून एंगेज!’ त्यांच्याकडे दिवस भरलेली एक पेशंट, उद्या ऑपरेशन, आणि हे रक्त कुठेच नाही. पत्ता, फाइलचं नाव विचारून ताडून पाहिलं. मग उघडली.

आमच्या यादीत त्या गटाचे पाचच दाते. तिसऱ्याने फोन उचलला. लाकूड कापायच्या मशीनचा आवाज येत होता. ‘कुठे यायचं?’ — बस्स. कोणासाठी, हेही विचारलं नाही! मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. तासाभरात कपड्यांना भुसा लागलेला तो माणूस दारात उभा.

१९ सप्टेंबर, शनिवार
त्या डॉक्टरांचा फोन. आई आणि मुलगी, दोघी सुखरूप. मग सहज म्हणाले — तो मेल सात रक्तपेढ्यांना गेला होता. नंतर विचारलं तर कळलं, सहा ठिकाणी न उघडताच उडवला.

बाईंना सांगितलं. त्यांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, ‘सहाही ठिकाणचे नंबर काढ. उडवायच्या आधी फोन करायचा, हे त्यांनाही सांगू.’