केबिन, माणसासकट

सोमवार, ४ मार्च

आईने आज मला 'अहो' म्हटलं!

"या, इंजिनिअरबाई. तिसरा मजला. लिफ्टचं दार नीट ओढून घ्या." चेहरा अगदी कोरा. शेजारी माझे साहेब, हानाक, उभे होते, म्हणून मीही "आभारी आहे" म्हणून पुढे गेले. लिफ्टमध्ये हसू आवरेना.

तसं ठरलंच आहे — नातं कुणाला सांगायचं नाही. वशिल्याची म्हणतील. नव्या नोकरीतले उमेदवारीचे तीन महिने आधी नीट पार पडू देत. घरातली पहिली पदवी माझी. आईने तर घराच्या बेलवरच्या पाटीत माझ्या नावाआधी 'इंजि.' घालून घेतलंय. पोस्टमन आता वाकून बोलतो म्हणे.

ब्रनो शहराच्या भर चौकातली ही जुन्या विमा कंपनीची इमारत. विमावाले गेले. आता इथे को-वर्किंग होणार — ज्याला हवं त्याने टेबल भाड्याने घ्यावं. आणि आराखडा करणाऱ्यांत मी! मी पाळण्यात होते तेव्हापासून आई इथे दारावर बसते. शाळा सुटली की मी थेट तिच्या काचेच्या केबिनमध्ये. तिथेच गृहपाठ, तिथेच बनपाव. अशा जुन्या इमारती माणसांसाठी जिवंत ठेवायच्या, हे वेड मला तिथेच लागलं.

बुधवार, ६ मार्च

तळमजल्याचा नकाशा आज उघडला. केबिन नाही! त्या जागी कॉफीचं काउंटर. दारावर माणूसच नको — कार्ड टेकवलं की फाटक उघडणार.

"मग दारावरच्या बाईंचं काय?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"काय म्हणजे? जागा रद्द. इतरांसारखी भरपाई घेतील, घरी जातील. तू सिंकचं बघ, नळ कुठे येतो ते."

नळ आईच्या किटलीच्या जागी येतो. ती रेघ मीच मारली. घरी जेवण गेलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

सुचलं!

केबिन मूळची आहे — अक्रोडाचं लाकूड, वळवलेली काच, पितळी खिडकी. जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी वारसा कचेरीला इमारतीविषयी टिपण जायचंच होतं, ते मी लिहिते म्हटलं. आणि नुसत्या केबिनवर थांबले नाही: 'येणाऱ्याकडे मान वर करून पाहणारं माणूस हा या प्रवेशदालनाचा मूळ भाग आहे. त्याच्याविना ही केबिन म्हणजे रिकामं कपाट.' लिहिताना माझेच डोळे भरून आले. हानाकनी न वाचताच सही केली.

आईला इतक्यात सांगायचं नाही. आधी होऊ दे.

गुरुवार, ४ एप्रिल

झालं!! कचेरीने मानलं. केबिन राखायची, तीही वापरात — माणसासकट!

हानाक ओरडतील वाटलं होतं. पण पैसा घालणाऱ्या कंपनीच्या पात्रित्सियाबाईंनी टाळ्याच वाजवल्या. "खरीखुरी दरवान! असं आहे कुणाकडे? टोपी हवी, पितळी बटणं हवीत. आणि बाई हीच हवी, काय चेहरा आहे!" हानाकनी खांद्यावर थाप मारली — "राद्का, सोनं आहेस तू."

रविवारी आईला सांगते. कसा दिसेल तिचा चेहरा!

रविवार, ७ एप्रिल

आई बटाटे सोलत होती. मी सगळं हात नाचवून सांगितलं. ती सोलतच राहिली.

"म्हणजे माझी जागा जात नाही?"

"नाही!"

"म्हणजे भरपाई नाही."

मला कळेना. मग तिने सांगितलं. मिकुलोवची यारूश्कामावशी सायकलवर फिरायला येणाऱ्यांना खोल्या देते. भरपाईतून आई तिच्या धंद्यात भागी घेणार होती. जागा जाणार ही कुणकुण तिला गेल्या पानगळीतच लागली होती, तेव्हापासून ठरलंय. मला चकित करायचं होतं. खोल्यांचे पडदेसुद्धा शिवून झालेत — कपाटातून काढून दाखवले. जर्दाळूच्या रंगाचे.

"पण तुला केबिन आवडते ना?"

"तुला आवडते, रादुश. तू तिथे गृहपाठ करायचीस. मी तिथे लघवी दाबून बसायचे."

आणि हसली. मला काही हसता येईना.

"मग सोड! उद्याच सोड!"

"आपण होऊन सोडली तर एका कोरुनाचीही भरपाई मिळणार नाही. आणि तुझे तीन महिने? ते टिपण लिहिलंय कुणी? बाईच पळाली तर तुला ठेवतील होय? बसते मी. सवय आहे."

सूप खारट झालं होतं. दोघींनी संपवलं.

तिला एकदा विचारलं असतं तर? एकदा!

सोमवार, ८ एप्रिल

वारसा कचेरीत जाऊन आले. टिपणातलं एक वाक्य मागे घेता येईल का? "मागे कशाला?" तिथले गृहस्थ म्हणाले. "इतकं सुंदर लिहिलंयत! निर्णयात जसंच्या तसं घेतलंय." आणि मलाच मोठ्याने वाचून दाखवलं.

गुरुवार, २५ एप्रिल

शिंप्याने आईच्या डोक्याचं माप घेतलं. मी जिन्यावरून बघत होते. कुठे जावं कळेना.

मंगळवार, १४ मे

आज बोलले. हानाक आणि पात्रित्सियाबाई, दोघांसमोर. ती माझी आई आहे. तिला इथे बसायचं नाही. चूक माझी आहे. तिला इतरांसारखी भरपाई द्या, मोकळी करा — काढायचं तर मला काढा.

मग पात्रित्सियाबाई — "आई?! अगं किती गोड!" पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. दोघींचा मोठा फोटो भिंतीवर हवा — दारावर आई, आराखड्यात मुलगी. उद्घाटनाची फीतही दोघींनीच कापायची.

हानाकनी मला बाजूला घेतलं. "भरपाईचं पुन्हा काढू नकोस. जागा रद्दच झाली नाही तर भरपाई कसली? आणि उद्घाटन फसलं तर विचारतील, कल्पना कुणाची?"

खाली आई काचेतून बघत होती. "काय म्हणतात, इंजिनिअरबाई?"

"आता अहो नको. कळलंय त्यांना. आपला फोटो लावणार आहेत."

तिने नवी टोपी काढली आणि किटलीवर ठेवली.

शुक्रवार, २४ मे

फोटो लागला. मी हसतेय. आई नाही.

सोमवार, २७ मे

उद्घाटन. केबिन रिकामी! खिडकीत किल्ल्या, त्यांच्यावर टोपी. पाहुणे पायऱ्या चढत होते. पात्रित्सियाबाई धावत आल्या — "रिकामी दिसता कामा नये! राद्का, तू बस. पटकन!" बसले. कुणीतरी आत डोकावलं, फोटो काढला.

फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज, कोंबड्यांचा आवाज.

"यारूश्का म्हणते, भागीला पैसे नाहीत ना, मग त्याऐवजी दोन वर्षं चादरी धू. धुते म्हटलं. तुझी नोकरी मी नाही गं सांभाळू शकत, रादुश. तिकडे कोण बसलंय?"

"मी."

"मग ऊठ ना, वेडे!"

हे मिकुलोवच्या बसमध्ये लिहितेय.