आरशाला टांगलेली पिवळी कार्डं

ॲलिस, टेक्सस
११ मे १९९६

ति. ओफेलियाआत्यास,
सा. न. वि. वि.

आई खुशाल आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. मीही खुशाल असतो, पण परवा गुरुवारी माझी नवी कोरी पिकअप चौथ्यांदा मेली. मेस्कीटचं सरपण काठोकाठ भरून कॉर्पस क्रिस्टीला निघालो होतो. शनिवार-रविवारी तिथे खड्ड्यात मांस भाजतात, त्या बार्बाकोआला गुरुवारीच लाकूड पोचावं लागतं. आईला तिथे मावशीकडे सोडायचं होतं. रेल्वे फाटकावर, ऐन रुळांवर, इंजिन गप्प. स्टिअरिंग दगडासारखं. लांबून मालगाडीचा भोंगा. आईने इतक्या संतांना हाका मारल्या की निम्म्यांची नावं मी पहिल्यांदाच ऐकली. मागच्या टँकरवाल्याने ढकललं म्हणून हे पत्र लिहितो आहे. आई म्हणते, आता चर्चला चालत जाईन, पण त्या शवपेटीत बसणार नाही.

जिथून घेतली त्या कॉर्पसच्या दुकानात नेली. दोन तासांनी नेहमीचंच उत्तर, की काही दोष आढळला नाही. अर्धा तास थंड झाली की ही अवदसा सशासारखी पळते! कॉलेज सोडून मी या गाडीवर धंदा मांडला. ती गेली तर लाकूड काय डोक्यावरून नेऊ? नवी गाडी अशी खोटी निघाली की तिला लिंबू म्हणतात आणि लिंबासाठी कायदा आहे, एवढं मला ठाऊक आहे. तू एकतीस वर्षं कोर्टात साक्षी टिपल्यास. पुढचं सांग.

एक गोष्ट आईला कळवू नकोस. तिथे खिडकीवर नोएमी नावाची मुलगी तक्रारी घेते. गाडी आत असताना आरशाला पिवळं कार्ड टांगतात, ते ती नंतर मला देते आणि दर वेळी त्यावर एक तारा काढून देते. दुसऱ्या कुणाला देत नाही, मी उभं राहून पाहिलंय. परवाचं कार्ड सोबत पाठवतो. याला काय म्हणायचं, तूच ठरव.

तुझा लोभ आहेच. तो या गाडीपेक्षा टिकाऊ निघो.

तुझा एफ्राइन


सान अंतोनियो
१८ मे १९९६

चि. एफ्राइन यास ओफेलियाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तारा फ्रिजवर चिकटवला. पाच टोकं, एकदाही पेन न उचलता. मुलगी धीराची दिसते.

आता खरं सांग. गाडी गुरुवारीच का बिघडते? आणि त्या खिडकीत गेली की लगेच बरी कशी होते? खोटं बोलणाऱ्यांचे शब्द टिपण्यात माझा जन्म गेला. तुझं अक्षर गाडीबद्दल लिहिताना मांजराने ओरबाडल्यासारखं आहे आणि पोरीपाशी येताच मोत्यासारखं होतं. ठणठणीत गाडी तू तिच्या दारात नेऊन उभी करतोस असा मला दाट संशय आहे. तसं असेल तर आत्ताच कबूल हो. मी आत्या आहे, फार तर कान पिळीन.

तसं नसेल तर कायदा तुझ्या बाजूने आहे, पण त्याला कागदाशिवाय काही दिसत नाही. एकाच दोषासाठी चार वेळा गाडी दिल्याचे कागद हवेत, प्रत्येकावर तारीख आणि मैलांचा आकडा. मग कंपनीला रजिस्टर पत्र, तिला शेवटची संधी, आणि मग राज्याच्या वाहन खात्यापुढे सुनावणी. फोनवर कुणाशी भांडू नकोस. तोंडचं वाऱ्यावर जातं. कागद किती आहेत ते कळव.

आईला म्हणावं, गुडघ्याला कापराचा अर्क चोळ. रागावलास तरी पत्र टाक.

तुझी आत्या ओफेलिया


ॲलिस
१ जून १९९६

ति. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र रागाने फाडलं, मग चिकटपट्टीने जोडलं. फाटकावर आई होती ना? तिलाच विचार!

कागद दोनच आहेत. तेवीस तारखेला पुन्हा बंद पडली, म्हणजे एकूण पाच वेळा दिली. पण मधल्या तीन वेळा मीच म्हणालो, राहू दे, कागद कशाला, आपण काय परके आहोत? खिडकी बंद व्हायची वेळ असायची आणि मला तिच्याबरोबर समोरच्या गाड्यावर बर्फाचा गोळा खायचा असायचा. नक्की नको ना, असं तिने दर वेळी विचारलं. मी मोठ्या मनाचा!

आता ऐक. तेवीसला काचेतून पाहिलं. त्यांचा साहेब कॉब तिच्या खुर्चीमागे उभा राहून सांगत होता, ती टाइप करत होती, आणि त्याच्या कसल्याशा बोलण्यावर खुदकन हसली. कागद हातात आला तर त्यावर: दोष आढळला नाही. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्यासारख्यांना गोडीत गुंडाळून कागदावाचून घरी धाडायला ठेवलंय तिला! तारे म्हणजे गळाला लावलेलं आमिष. मी काउंटरवर हात आपटला आणि दहा गिऱ्हाइकांसमोर तिला खोटारडी म्हणालो. ती पांढरीफटक पडली. तरी कार्ड पुढे सरकवलंच, ताऱ्यासकट. काय म्हणावं या निगरगट्टपणाला?

बाकीची चार कार्डं सोबत आहेत. तू जाळ. माझा हात धजत नाही.

तुझ्याखेरीज जगात कुणावर विश्वास न उरलेला,
एफ्राइन


सान अंतोनियो
७ जून १९९६

चि. एफ्राइन यास आशीर्वाद, आणि एक थोबाडीत उधार.

काडी पेटवली होती. जुन्या सवयीने आधी कागदाची मागची बाजू पाहिली. तू एकदा तरी पाहिलीस? मीही पहिलं कार्ड तारा वर ठेवून चिकटवलं होतं, म्हणजे मी तुझ्याच घराण्यातली.

पाचही कार्डं ओट्यावर ओळीने मांडली आहेत. प्रत्येकावर तारीख, गाडीचा नंबर, मैलांचा आकडा, आणि खाली पेन्सिलीने वाकडंतिकडं अक्षर, मिस्त्रीचं असावं. पंचवीस एप्रिलच्या कार्डावर लिहिलंय: ओझ्यासकट नेली, एक्केचाळिसाव्या मैलाला इंजिन बंद, पेट्रोलचा पंप तापतो. तेवीस मेच्या कार्डावर: पुन्हा तेच, साहेबांना सांगितलं. आणि त्याच दिवशीचा तुझा कागद म्हणतो, दोष आढळला नाही!

काम संपलं की असं कार्ड कचऱ्यात जातं. ती ते तुझ्या हातात देत होती. कागदावर खरं लिहायची सोय नसेल, म्हणून. आणि तुझ्यासारख्या ठोंब्याने ते जपून ठेवावं, म्हणून तारा. हा माझा अंदाज. मला अजून एक शंका आहे, की मागे काय लिहिलंय हे तिला तरी ठाऊक आहे का? विचार तिला, हात न आपटता.

ही कार्डं सुनावणीत ठेवली तर ती कुणी दिली हे उघड होईल. गाडी तुझी, पण नोकरी तिची. तिच्या होकाराशिवाय एकही कार्ड माझ्या घरातून हलणार नाही.

आत्या


ॲलिस
१६ जून १९९६

ति. आत्यास नमस्कार.

थोबाडीत पोचली. आणखी एक मिळाली, ती पुढे सांगतो.

बर्फाच्या गाड्यापाशी तिला गाठलं. तिने स्वतःचा गोळा स्वतः घेतला. म्हणाली, मागे काय लिहिलंय ते मला चांगलं ठाऊक होतं, ट्रिनो मिस्त्री माझ्यासमोरच लिहायचा. मग तोंडाने का नाही सांगितलंस, असं विचारलं. आत्या, तिलाच माझा संशय होता! पाच वेळा एकच तक्रार घेऊन येणारं, कागद नको म्हणणारं आणि दर खेपेस दाढी करून येणारं गिऱ्हाईक तिने कधी पाहिलं नव्हतं. कंपनीनेच खिडकीची परीक्षा घ्यायला धाडलेला माणूस असेन असं तिला वाटायचं. हेर असेन तर कार्डावरून कंपनीला खरं कळेल, गिऱ्हाईक असेन तर मला, असा तिचा हिशेब. मी ओरडलो तेव्हा तिची खात्री पटली. म्हणाली, हेर इतका मूर्ख नसतो.

ते हसणं? कॉब विनोद करतो तेव्हा हसावं लागतं, खुर्ची त्याची आहे.

तिच्या पगारावर आई आणि दोन धाकटे भाऊ आहेत. म्हणून माझं ठरलं. कार्डं जाळ, या वेळी खरोखर. दोन कागदांवर लढेन, हरलो तर हरलो. गाडी गेली खड्ड्यात.

तुझा एफ्राइन


कॉर्पस क्रिस्टी
२२ जून १९९६

आदरणीय ओफेलियाबाईंना नमस्कार.

आपली ओळख नाही. कार्डं जाळायला सांगितल्याचं एफ्राइनने मोठ्या ऐटीत मला ऐकवलं. आधी मला न विचारता खोटारडी ठरवलं, आता मला न विचारता वाचवतोय. तुमच्या घरात सगळे असेच आहेत का?

जाळली नसतील तर कृपा करून त्याच्या अर्जासोबत सुनावणीला पाठवा. ट्रिनो ऑगस्टमध्ये निवृत्त होतो. अक्षर माझं आहे आणि विचारलं तर तसं सांगेन, असं तो म्हणाला. मी जनावरांच्या खाद्याच्या दुकानात नोकरी पाहिली आहे. पगार थोडा कमी, पण तिथे चाऱ्याला चारा म्हणता येतं.

एफ्राइनसाठी हे करते असं त्याला वाटू देऊ नका. परवा एक बाई अगदी अशीच पिकअप घेऊन आली, मागे दोन मुलं. तिची तक्रारही हीच. तिच्या आरशाला कार्ड मीच टांगलं.

आपली,
नोएमी


ॲलिस
१४ सप्टेंबर १९९६

ति. आत्यास सा. न. वि. वि.

न जाळल्याबद्दल तुझे पाय धरतो. मला आणि नोएमीला, दोघांना एकमेकांशी बोलून ठरवा असं एकच पत्र लिहून वर आपण काहीच केलं नाही असा आव आणलास, तोही ओळखला.

सुनावणी झाली. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात आला होता. कार्डं कचऱ्यातून उचललेली आहेत, म्हणाला. सुनावणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, मग गाडीलाच विचारू. लाकूड भरलं आणि भर दुपारी तिघं निघालो. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी म्हणून संतांना हाका मारल्या. आणि ही द्वाड गाडी लोण्यासारखी चालली! विसाव्या मैलाला कंपनीवाला म्हणाला, पाहिलंत? आता वळू या. बाईंनी पंचवीस एप्रिलचं कार्ड डोळ्यांपुढे धरलं आणि म्हणाल्या, अजून एकवीस राहिले. चाळिसाव्याला इंजिन गप्प. कार्डापेक्षा एक मैल आधीच! इस्त्रीचा सदरा मेस्कीटच्या सावलीत घाम पुसत बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं, मी नाही दिलं.

परवा निकाल आला. कंपनी गाडी परत घेणार. आई म्हणते, दुसरी घेशील ती आधी मी हाकून बघणार.

एक चुटपूट लागली आहे. पाचही कार्डं सरकारी फायलीत अडकली. एक तरी द्या म्हणालो, तर कारकून म्हणाला, पुरावा आहे, हात लावायचा नाही. माझे पाच तारे आता राजधानीत, ऑस्टिनच्या कपाटात.

काल नोएमी खाद्याच्या दुकानातून बाहेर आली. चाऱ्याच्या पोत्याची चिठ्ठी हातात ठेवली आणि गेली. वर तारा होता. पण आत्या, या वेळी मी आधी मागची बाजू पाहिली. पेनाने, नीट अक्षरात लिहिलं होतं: रविवारी दुपारी जेवायला ये. आईला तुझा संशय आहे. कॉलेजचं विचारणार.

ही चिठ्ठी पाठवत नाही. कॉलेजचं काय उत्तर देऊ, तेवढं उलट टपाली कळव. आणि खरं तेच कळव, नोएमी खोटं पकडते.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
एफ्राइन