लढाऊ बापांच्या लेकी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, प्रयोगशाळेतून निवृत्त, हे राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्ची, माझ्या भाचीला द्यावे. दादा, वडिलांचे घर तुला मिळाले, तुझे तुझ्या मुलाला मिळणार. म्हणून माझे तुझ्या लेकीला. राग मानू नकोस.

२. सूक्ष्मदर्शक ताईंना द्यावा. त्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या आणि मोजणीत माझ्याहून अचूक.

सव्वीस वर्षे आम्ही माइट पाळले. सुईच्या टोकाएवढे, आठ पायांचे जीव. त्यांच्यातले काही नर जाड पायांचे. दुसऱ्या नरांना मारून माद्या मिळवतात. बापाचे हे यश मुलाकडे उतरते का, एवढाच प्रश्न होता. दर पिढीत जिंकणारे निवडत गेलो. उतरत होते.

विभागप्रमुख खूश झाले. "झालं की! छापून टाकू."

"सर, त्यांच्या लेकींची अंडी मोजायची राहिलीत."

"लेकींचा इथं काय संबंध?"

मी निबंधावर सही केली नाही. त्यांनी माझी खोली काढून घेतली. ताई म्हणाल्या, "जिन्याखाली जागा आहे, बाई. चला." तिथे दोन वर्षे वाकून मोजले. लढाऊ बापांच्या लेकी कमी अंडी घालत होत्या. मुलाला जे तारत होते, तेच मुलीला भोवत होते. या मोजणीचा वेगळा निबंध आम्ही दोघींच्या नावाने छापला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस.

३. मोजणीच्या अकरा वह्या विभागप्रमुखांना द्याव्यात. तेव्हा त्यांना वाचायला सवड नव्हती. आता तेही निवृत्त आहेत, सवडच सवड.

४. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. रडारड नको. माझे मनासारखे झाले आहे.

ताईंना या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतंय त्यानं साक्ष देऊ नये."

ताई म्हणाल्या, "मग सूक्ष्मदर्शक राहू दे. मी सही करते."

मी ऐकले नाही. कलम दोन कायम आहे.

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही)
कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई (सही)
लिहून देणार: (सही)
ठिकाण: राहते घर, गच्चीवर
दिनांक: ९ मार्च, सकाळी