भरतीच्या कॅसेटची निरवानिरव

मी, आत्माराम भागोजी भाटकर, वय ६१, निवृत्त गणितशिक्षक, राहणार भाट्ये, तालुका रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीबद्दल माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे. ते तिच्याकडेच राहावे.

१. घर, परसातले सात माड आणि पोस्टातली शिल्लक पत्नी सौ. मालन हिला. वाद घालायला मी नसेन, एवढीच तिची अडचण होईल.

२. माझी खरी मिळकत एक कॅसेट आहे. १९८५ साली आमच्या शाळेत संगणक आला. तिथी दिली की भरतीची वेळ सांगणारा प्रोग्रॅम मी तीन महिने खपून लिहिला. वास्तविक तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबडे पोरही जाणते. मी त्याला एकशे चाळीस ओळी लावल्या आणि त्या, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, गाण्याच्या साध्या कॅसेटवर साठवल्या. मग "कोणीही उतरवून घ्यावा, वाटेल तिथे वापरावा" असे जाहीर करून पावस, देवरूख आणि खेडच्या शिक्षकांना एसटीने कॅसेटी धाडल्या. उदार म्हणवून घ्यायची हौस होती, ती भागली.

३. देवरूखचे बाळा मास्तर यांना मी क्षमा करतो. त्यांच्या हजेरीच्या प्रोग्रॅमला माझा जोडायला गेले, तर दोघांच्या ओळींचे क्रमांक सारखेच निघाले, माझ्या ओळी त्यांच्या ओळींच्या जागी बसल्या आणि त्यांची निम्मी हजेरी पुसली गेली. रागाने त्यांनी माझे नाव काढून स्वतःचे घातले. तीन वर्षे मी त्यांना चोर म्हणत आलो. तिथींचे कोष्टक मात्र मी पंचांगातून उचलले होते, आणि पंचांगकर्त्याचे नाव मीही कुठे दिलेले नाही.

४. खेडच्या शिक्षिका मथुराबाई कदम यांचा मी अपराधी आहे. त्यांनी १९८६ साली लिहिले, "सर, खाडीतून आत खेडला पाणी पोचायला उशीर होतो. तुम्ही प्रोग्रॅममध्ये सात ठिकाणी रत्नागिरी बंदराचीच वेळ कोंबली आहे. मी गाव विचारणारी ओळ घातली आहे. ती मूळ प्रतीत घ्या, म्हणजे सगळ्यांना मिळेल." सोबत कॅसेट होती. मला मिरच्या झोंबल्या. त्या कॅसेटवर मी माझे निरोपसमारंभाचे भाषण टेप केले.

५. पुढल्याच वर्षी माझा धाकटा भाऊ भिवा याच्या मुलीचे, हौसाचे, लग्न खेडजवळ खाडीकाठी होते. वऱ्हाड होडीने निघाले. भिवाचे आयुष्य होडीत गेले, तरी थोरल्या भावाचा मान म्हणून त्याने माझ्या प्रोग्रॅमचा छापील कागद बघून होडी सोडली. ती चिखलात रुतली. नवरी, वाजंत्री आणि मी, सगळे चार तास उन्हात. मुहूर्त टळला. भिवा एवढेच म्हणाला, "दादा, तुजा कागद सांगतो पाणी आला. पाणी काय आला नाय." तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. राहतो शेजारच्याच घरात. मला हे फार लागते.

६. हौसाला माझे मनगटी घड्याळ. ते बरोबर चालते.

७. मूळ प्रत मथुराबाईंना, आणि त्यांची ती कॅसेटही परत. गेल्या महिन्यात मी माफी मागून त्यांची दुरुस्ती पुन्हा मागितली. उत्तर आले, "सांभाळीन, सर. पण पावस-देवरूखच्या दुरुस्त्याही घेईन आणि प्रत्येकाचे नाव लिहीन. चालेल?" चालेल. बाळा मास्तरांचे लिहा, पंचांगाचेही लिहा. माझे शेवटी आले तरी हरकत नाही, वगळू मात्र नये. माझे भाषण खुशाल पुसावे. मालनची त्याला केव्हाचीच परवानगी आहे.

८. भिवाला यातून काहीही दिलेले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि तो मला साक्षीदार म्हणून हवा आहे. मालन बोलवायला गेली आहे. तो येईपर्यंत मी सही करणार नाही.

सही: आत्माराम भागोजी भाटकर

साक्षीदार:
१. बाबू सोनू मयेकर, पोस्टमन
२. भिवा भागोजी भाटकर

ठिकाण: भाट्ये
दिनांक: २ डिसेंबर १९८९, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी
वेळ: मी कागदावर पाऊणपट मांडत होतो. भिवाने खिडकीतून खाडीकडे पाहिले आणि म्हणाला, "दादा, लिव. पाणी आला."