जालना आर्ट वॉक आणि जेठमलजी

१ जानेवारी, बुधवार
संकल्प: दर रविवारी सकाळी सातला ‘जालना आर्ट वॉक’. शहरातली शिल्पं, पुतळे, भिंतींवरची चित्रं लोकांना पायी फिरवून समजावून सांगायची. फुकट. घनसावंगीला नोकरीत असताना ऑफिसच्या गॅदरिंगचे पडदे मीच रंगवायचो, त्यामुळे अधिकार आहेच. पत्नी मीना गेल्यापासून रविवार फार लांबतो, पण कारण ते नाही. कारण कलाप्रसार. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. भराभर अंगठे आले.

४ जानेवारी, शनिवार
शिट्टी आणली. गर्दी आवरायला लागेल. पुण्याहून आकांक्षाचा फोन. म्हणाली, बाबा, मफलर घालून जा. कलेबद्दल काही विचारलं नाही. ऑफिसचं टेन्शन असतं पोरीला.

५ जानेवारी, रविवार
थंडीमुळे लोक आले नाहीत. एकटे जेठमलजी आले. मागच्या गल्लीत राहतात, कापडाचं दुकान. असो, क्वालिटी महत्त्वाची. चौकातल्या लोखंडी सळयांच्या मोरासमोर मी मनसोक्त बोललो. ते जागच्या जागी पाय हलवत ऐकत होते. काय ती तन्मयता! मग म्हणाले, पुंजारामजी, तुमचं बराबर हाय, पण जल्दी पुढं चला. उभं राहून काई फायदा न्हाई. कलेत फायदा बघू नये, असं मी समजावलं. व्यापारी माणूस, वेळ लागेल.

१२ जानेवारी, रविवार
पुन्हा दोघंच. बाकीच्यांची संक्रांतीची गडबड असणार. पुलाखालच्या भिंतीवरचा बिबट्या मांजरासारखा का दिसतो, यावर माझं मत मांडलं. जेठमलजी तोवर पुढच्या खांबापर्यंत जाऊन आले. त्यांना चित्र लांबून बघायची सवय दिसते. परतताना टपरीवर थांबलो. त्यांनी बिनसाखरेचा मागितला. साधी राहणी. ‘दोन चहा’ म्हणताना फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत मी काहीच दोन मागितलेलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार
जेठमलजी नाहीत. ऊन चढेपर्यंत मोराजवळ थांबलो. एका पोलिसानं विचारलं, काका, कोणाची वाट पाहून राह्यले? म्हटलं, ग्रुपची. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि गेला.

२० जानेवारी, सोमवार
सहज जेठमलजींच्या दुकानावरून गेलो. (वाटेवर नाही, पण वळसा घेतला तर लागतं.) म्हणाले, शुगर वाढल्ती, डॉक्टरनं चालायला सांगितल्तं. एकटं चालायचा कंटाळा, म्हणून तुमच्यासंगं येऊन राह्यलो होतो. आता पारसनं घरीच ट्रेडमिल आणून दिली, मंग बाहेर निघायचं काम न्हाई. पारस त्यांचा मुलगा. मी विचारलं, आणि मोर? ते म्हणाले, कोणता मोर?
रात्री जेवलो नाही. भूक नव्हती, बाकी काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
योजनेत बदल: कला घरोघरी. सातला जेठमलजींच्या दारात. त्यांच्या पत्नीनं, पानबाईंनी, दार उघडलं, आत बोट दाखवलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. जेठमलजी भिंतीकडे तोंड करून मशीनवर चालत होते. समोर कापड मिलचं कॅलेंडर: नदी, दोन बगळे, मागे डोंगर. वेळ न घालवता मी मागे उभा राहून सुरुवात केली. बगळे दोनच का, पाणी निळंच का. आजच्याइतकं कधी रंगलं नव्हतं. मध्येच त्यांनी मानही डोलावली.
शेवटी मशीन थांबलं. त्यांनी कानातून गाण्याची बोंडं काढली, वळले आणि दचकलेच. म्हणाले, अरे पुंजारामजी! कधी आले तुम्ही?
मी म्हटलं, हे काय, आत्ताच.